नाव आहे, हद्द नाही : आपले लष्कर

पुण्याहून किंवा भोपाळहून गाडीने येताना तिकीट ‘ग्वाल्हेर’चे काढावे लागते. स्टेशनाच्या पाटीवरही ‘ग्वालियर’ असेच लिहिलेले आहे. पण स्टेशनाबाहेर पडल्यावर रिक्षावाल्याला आपल्यापैकी कोणीही ‘ग्वाल्हेरला चल’ असे सांगत नाही. आपण सांगतो, ‘लश्कर चलो’. पुढे बाडा, कंपू, माधौगंज, जनकगंज, जिथे उतरायचे असेल ते. आपल्या आजोबांना येणाऱ्या कार्डावर ‘लष्कर, ग्वाल्हेर’ असा पत्ता असे आणि आज कुरिअरवाल्याला आपण ‘लश्कर, ग्वालियर, ४७४००१’ असेच लिहून देतो.

असे हे गाव, ज्याचे नाव सर्वांना माहीत आहे, त्याची हद्द मात्र कोणी दाखवू शकत नाही. आमची नोकरी राज्य शासनाची. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन लागलो, तेव्हापासून नकाशा, खसरा, नजूल, वॉर्ड नंबर यांतच दिवस जातो. त्या सवयीने आम्ही विचार करू लागलो की लष्कर नक्की कुठून सुरू होते आणि कुठे संपते? पोस्टाची हद्द एक, पोलिसांची दुसरी, महसुलाची तिसरी. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत विधानसभेत ‘लश्कर पूर्व’ आणि ‘लश्कर पश्चिम’ असे दोन मतदारसंघ होते. त्यानंतर ‘ग्वालियर पूर्व’ आणि ‘ग्वालियर दक्षिण’ आले आणि मतपत्रिकेवरून लष्कर हे नाव गेले. लष्करला स्वतःची नगरपालिका नाही. जनगणनेच्या पुस्तकात लष्करसाठी वेगळी ओळ नाही. सगळे ‘ग्वालियर नगर निगम’ या एका ओळीत जमा.

हा प्रश्न केवळ नकाशाचा नाही. आपण मराठी माणसे या गावात दोनशे वर्षांहून अधिक काळ राहतो आहोत. ज्या गावाची मोजणी वेगळी होत नाही, त्या गावातली माणसे किती उरली, हे कोणाला कसे कळणार? म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत लष्करचा भूगोल आणि लोकसंख्या यांबद्दल थोडे लिहीत आहोत.

अमेरिकेतली बिनपालिकेची गावे

आपल्यापैकी बऱ्याच घरांतील मुले-सुना आज अमेरिकेत आहेत. न्यू जर्सीत राहणाऱ्यांच्या तोंडी ‘आयसेलिन’ हे नाव हमखास येते. ओक ट्री रोडवरची भारतीय दुकाने, मिठाई, किराणा, साड्या यांमुळे ते नाव आपल्याकडेही ओळखीचे झाले आहे. पत्त्यात आयसेलिन लिहिले जाते, पण आयसेलिनला स्वतःचा महापौर नाही, पालिका नाही. कारभार वुडब्रिज टाउनशिपचा. तिकडे अशा वस्तीला कायद्याने स्थापन न झालेली वस्ती म्हणतात. अशी हजारो गावे त्या देशात आहेत.

आणखी एक उदाहरण मोठे गमतीचे आहे. लास वेगासची जी झगमगती हॉटेले आपण सिनेमात पाहतो, त्यांतील बहुतेक लास वेगास शहरात नाहीतच. ती ‘पॅराडाइज’ नावाच्या वस्तीत आहेत. शहराने आपल्याला हद्दीत ओढून कर बसवू नये म्हणून १९५० साली ही वस्ती वेगळी ठेवली गेली. तिलाही महापौर नाही. कारभार काउंटी बघते. पण २०२० च्या अमेरिकन जनगणनेत पॅराडाइजची लोकसंख्या १,९१,२३८ अशी स्वतंत्र नोंदवलेली सापडते.

हे कसे होते? तिकडच्या जनगणना खात्याने ठरवले की पालिका नसली तरी लोक ज्या जागेला एका नावाने ओळखतात, तिची मोजणी त्या नावाने व्हावी. म्हणून स्थानिक लोकांना विचारून ते केवळ मोजणीपुरती एक हद्द आखतात. त्या हद्दीला कायद्याचा अधिकार काही नाही, पुढच्या जनगणनेत ती बदलूही शकते. पण नाव आणि आकडा एकत्र राहतात. तिथे नाव आधी आणि हद्द नंतर. आपल्याकडे हद्द आधी आणि नाव असले तर असले.

आता या दृष्टीने आपल्या लष्करकडे पाहू.

तंबूंचे शहर

लष्कर म्हणजे सैन्य, सैन्याचा तळ. आपल्या गावाला हे नाव कोणी विचार करून, पूजा करून ठेवलेले नाही. तळ होता म्हणून लोक तळ म्हणत गेले, एवढेच.

महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले आणि दौलतराव गादीवर आले. १८०३ च्या युद्धानंतर सुर्जी-अंजनगावच्या तहाने दोआबासह बराच मुलूख गेला. ग्वाल्हेरचा किल्लाही हातचा गेला होता, तो १८०५ च्या तहाने परत मिळाला. त्या काळात दौलतरावांची राजधानी नावाला उज्जैन असली, तरी दौलत खरी चालत होती ती फिरत्या छावणीतून. दरबार, दफ्तर, खजिना, बाजार, बायकामुले, सगळे तंबूंत आणि बैलांच्या पाठीवर. १८०९ साली ही छावणी राजपुतान्यात फिरत असताना ब्रिटिश रेसिडेंटबरोबर टॉमस ब्रॉटन नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने आपल्या भावाला लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. छावणी कशी बसत असे, याचे त्यात बारीक वर्णन आहे.

मुक्काम हलला की बिनीवाला पुढे जाई. जागा निवडून तो एक लहानसे पांढरे निशाण रोवी. तिथे महाराजांची देवडी. मग एकेका बाजाराचे निशाण येई आणि ते देवडीपासून दर वेळी ठरलेल्याच दिशेला, ठरलेल्याच अंतरावर लागे. दुकानांच्या दोन समांतर रांगा लागत आणि त्यांच्यामधून सैन्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक लांबलचक रस्ता तयार होई. त्या रस्त्याच्या बाजूंना सरदारांचे गोट. मुक्काम कुठेही असो, चितनिसांचा तळ कुठे, बक्षींचा कुठे, सराफा कुठे, हे शोधावे लागत नसे. जमीन बदले, पण शेजार बदलत नसे.

आपल्यातील बिनीवाले आडनावाच्या कुटुंबांना हे वाचून विशेष वाटेल. आज ज्याला आम्ही ‘लेआउट’ म्हणतो, ते काम त्या काळी बिनीवाला घोड्यावर बसून करीत असे. तेही एका सकाळीत.

१८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेच्या मैदानात तळ दिला. तो पुढे उठला नाही. १८१७ च्या तहानंतर दूरच्या मोहिमांवर जायचे कारणच उरले नाही, तेव्हा तंबूंची जागा हळूहळू दगडाने घेतली. आजूबाजूच्या टेकड्यांत वालुकाश्म भरपूर. त्याच दगडाचे खांब, तोड्या, जाळ्या. आत मात्र देशावरच्या वाड्यासारखा चौक, माजघर, देवघर. बाहेरून ग्वाल्हेर आणि आतून सातारा-पुणे, अशी ही घरे झाली. दौलतराव १८२७ मध्ये वारले, तोपर्यंत तळ म्हणता म्हणता ते शहर झाले होते.

गोट की गोठ?

आपल्या मोहल्ल्यांची नावे एकदा सावकाश म्हणून पाहावी. चितनीस की गोठ, बक्षी की गोठ, निंबालकर की गोठ. आमच्या मुलांना वाटते की इथे पूर्वी गुरांचे गोठे असतील! मूळ शब्द आहे ‘गोट’, म्हणजे छावणीत एका सरदाराच्या पथकाचा तळ. साताऱ्यात ‘रामाचा गोट’ आजही आहे. ‘शत्रूच्या गोटात’ असे आपण बोलताना म्हणतो, तोच हा गोट. हिंदी बोलणाऱ्यांच्या जिभेवर तो ‘गोठ’ झाला, पुल्लिंगाचा स्त्रीलिंगी झाला आणि मध्ये ‘की’ बसली. मालक मराठी, जोडणारा प्रत्यय हिंदी आणि जागा छावणीतली. लष्करचा सगळा इतिहास या तीन शब्दांत आहे.

‘कंपू’चेही तसेच. द बॉयन या युरोपीय सरदाराने महादजींसाठी जी कवायती पलटणे तयार केली, त्यांना मराठीत कंपू म्हणत. त्या पलटणी जिथे राहिल्या तो भाग कंपू. आज मराठीत कंपू म्हणजे कंपूबाजी करणारी टोळी, पण आपल्या रिक्षावाल्याला ते ठाऊक नाही, हे बरे आहे. ‘खासगी बाजार’ महाराजांच्या खासगी खात्याचा. फालका बाजार फाळक्यांचा, पाटणकर बाजार पाटणकरांचा. दौलतगंज, जनकगंज, माधौगंज, जीवाजीगंज ही नावे शिंदे राजांची. त्यात ‘गंज’ हा उत्तरेकडचा शब्द. कंपूच्या टेकडीवरची ‘मांढरे की माता’ पाहिली की वाईजवळच्या मांढरदेवीची आठवण होतेच. ‘ढोलीबुवा का पुल’ स्वर्णरेखेवर, आणि ज्या मठाच्या कीर्तनपरंपरेवरून ते नाव पडले ती परंपरा आपल्या घराघरांत माहीत आहे.

ही नावे सरकारी नकाशात आहेत, पण फक्त नावे म्हणून. त्यांचा अर्थ नकाशात नाही. तो आपल्याकडे आहे आणि आपण सांगितला नाही तर कुठेच राहणार नाही.

एक किल्ला, तीन गावे

भूगोल समजून घ्यायचा तर किल्ल्यावर उभे राहावे. सपाट मैदानातून एकटाच उठलेला वालुकाश्माचा डोंगर. उत्तर-दक्षिण सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आणि मैदानापासून तीनशे फुटांच्या आसपास उंच. या डोंगराने तीन गावे वेगळी ठेवली. पायथ्याला उत्तरेस व पूर्वेस जुने ग्वाल्हेर: किला गेट, घासमंडी, मोहम्मद गौस आणि तानसेन यांच्या कबरी. दक्षिणेस लष्कर. पूर्वेला, थोडे दूर, मोरार.

मोरारची गोष्ट वेगळी. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. शिंद्यांची फौज हरली आणि इंग्रजांची छावणी मोरारला बसली. म्हणजे एका किल्ल्याच्या दोन बाजूंना दोन लष्करे: एक मराठ्यांचे, ज्याला लोक ‘लश्कर’ म्हणत, आणि एक इंग्रजांचे, ज्याला ‘छावणी’ म्हणत. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंचा शेवटचा संग्राम या दोहोंच्या परिसरातच झाला. फूलबागेजवळची त्यांची समाधी आपण सारे जाणतो. १८८६ मध्ये झाशी घेऊन इंग्रजांनी किल्ला आणि मोरार शिंद्यांना परत दिले.

लष्करच्या मधून वाहते ती स्वर्णरेखा. आज तिला नाला म्हणतात आणि तिच्यावर उड्डाणमार्गाचे खांब उभे राहत आहेत. पण छावणी बसवणारा माणूस पाण्याशिवाय निशाण रोवत नाही, हे लक्षात ठेवावे. पुढे शहर वाढले, स्वर्णरेखा आणि विहिरी पुरेनात, तेव्हा सांक नदीवर तिघऱ्याचे धरण झाले. ते १९१६ चे. आजही आपल्या नळाला तिघऱ्याचे पाणी येते.

रेल्वे आली ती लष्कर आणि मोरार यांच्या मधल्या जागेत. स्टेशनाजवळच्या भागाला ‘पडाव’ म्हणतात, म्हणजे पुन्हा मुक्कामच. हजिऱ्याच्या पुढे गिरण्या उभ्या राहिल्या आणि बिर्लानगर झाले. मग थाटीपूर, सिटी सेंटर, नव्या कॉलन्या. मधली शेते संपली आणि तीन गावांचे एक शहर झाले. पालिकाही एक झाली. कारभाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पाणी, गटार, रस्ता यांना तीन हद्दी परवडत नाहीत. पण त्या दिवसापासून लष्कर हे बिनपालिकेचे गाव झाले.

माणसे किती?

१९०१ च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराची, म्हणजे जुने ग्वाल्हेर आणि लष्कर मिळून, लोकसंख्या सुमारे १ लाख १९ हजार होती. त्यात मोठा वाटा लष्करचा. मोरारची वेगळी, सुमारे १९ हजार. २०११ मध्ये महापालिका हद्दीची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर गेली. एकशे दहा वर्षांत शहर जवळजवळ आठ पटीने वाढले.

यात मराठी किती? इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लष्कर कधीच केवळ मराठी गाव नव्हते. दौलतरावांच्या छावणीतच पुरभय्ये शिपाई होते, राजपूत होते, मुसलमान होते, फिरंगी अधिकारी होते, धान्य आणणारे बंजारे होते, सराफीत बसणारे मारवाडी आणि जैन होते. सरदार आणि कारकून मराठी, दफ्तर बरेचसे मोडीत. पण संख्येने आपण पहिल्या दिवसापासून थोडेच. ‘पूर्वी सगळे लष्कर मराठी होते’ असे आपण कौतुकाने बोलतो, ते खरे नाही. खरे हे आहे की थोडे असूनही आपण एकत्र, शेजारी-शेजारी होतो. गोटात होतो. म्हणून आवाज मोठा वाटत असे.

तो शेजार कसा मोडला, हे पाहण्यासारखे आहे. १९४८ साली मध्य भारत राज्य झाले, तेव्हा ग्वाल्हेर ही हिवाळी राजधानी होती. १९५१ च्या कायद्याने जागिरी गेल्या. ज्यांचा वाडा जागिरीच्या उत्पन्नावर उभा होता, त्यांना नोकरी पाहणे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. सचिवालयातील माणसे फायलींबरोबर तिकडे गेली. ग्वाल्हेरच्या वाट्याला महालेखाकार, राजस्व मंडळ, भू-अभिलेख, परिवहन, आबकारी ही कार्यालये आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. त्यांच्या आधारावर आपली पुढची पिढी टिकली. आमच्यासारखे कितीतरी जण त्यातलेच. नव्वदच्या दशकात मोठी गिरणी बंद पडली आणि तोही आधार गेला. नंतरची मुले इंदूर, पुणे, बंगळुरू आणि तिथून आयसेलिनला गेली.

वाडे मोठे, राहणारे दोन. छपराची दुरुस्ती परवडत नाही, वाटण्या होत नाहीत, मग एक दिवस बिल्डर येतो. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. छावणी म्हटली की माणसे उठून जाणारच. फक्त फिरत्या छावणीत एक सोय होती: मुक्काम हलला तरी शेजार तसाच राहत असे. आता जो तो एकेकटा हलतो आणि पुढे निशाण रोवणारा बिनीवाला कोणी नसतो.

मातृभाषेचा रकाना

२०११ च्या जनगणनेच्या कामात आम्हीही होतो. ज्यांनी हे काम केले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका प्रगणकाला साधारण सव्वाशे ते दीडशे घरांचा एक गट मिळतो. प्रथम त्याने त्या गटाचा ‘नजरी नक्शा’ काढायचा: बाण काढून उत्तर दाखवायची, रस्ता, मंदिर, विहीर, शाळा दाखवायची, पक्क्या घराला चौकोन आणि कच्च्याला त्रिकोण. हा नकाशा मोजमापाचा नसतो, डोळ्यांनी पाहून काढलेला असतो. तरीही आम्हाला वाटते की शहराच्या सगळ्या नकाशांत तोच सर्वात खरा, कारण तो दारोदार चालून काढलेला असतो. त्या नकाशावर ‘अमुक की गोठ’ हे नाव लिहिले जाते. पण वरच्या कार्यालयात गेल्यावर गटाचा क्रमांक उरतो, वॉर्डाचा क्रमांक उरतो आणि मोहल्ल्याचे नाव कागदातच राहते.

दुसरी गोष्ट मातृभाषेची. भाषेची नोंद आपल्या देशात १८८१ पासूनच्या जनगणनांत होत आली आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती. शाळेची भाषा नव्हे, कार्यालयाची नव्हे, राज्याची नव्हे. त्याच्या पुढे आणखी दोन येणाऱ्या भाषा लिहिण्याची सोय असते. म्हणजे मराठी लिहिले की हिंदी नाकारली असे होत नाही. हिंदी आणि इंग्रजी पुढच्या रकान्यात येतात.

कायदा सांगतो की कोणाच्या घरात काय नोंदवले ते बाहेर बोलायचे नाही, आणि ते आम्ही बोलणार नाही. पण प्रगणक नसतानाही आपल्या सर्वांच्या घरांत जे दिसते ते सांगायला हरकत नाही. आजी मराठीत बोलते, नातू हिंदीत उत्तर देतो. दारावर कोणी सरकारी माणूस आला की घरातला तरुण पुढे होतो आणि घाईत ‘हिंदी लिख लीजिए’ म्हणून मोकळा होतो. त्याला वाटते, या प्रश्नाने काय फरक पडतो? त्याच्या शेजारी मांडीवर नातवंड घेऊन बसलेल्या आजीला कोणी विचारतच नाही.

फरक पडतो. २०११ मध्ये संपूर्ण मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या थोडे वर होते, राज्याच्या लोकसंख्येच्या १.७ टक्के. त्यांतील मोठा भाग बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या सीमेवरच्या जिल्ह्यांत आणि इंदूरसारख्या शहरांत. त्या भागांना महाराष्ट्राचा शेजार आहे, मराठी आपोआप कानावर पडते. ग्वाल्हेरच्या शेजारी आग्रा, धौलपूर, भिंड आणि झाशी आहेत. आपल्याकडे मराठी वाऱ्याबरोबर येत नाही. घरात बोलली तरच ती आहे.

राज्यघटनेत अनुच्छेद ३५०-क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करण्याचा प्रयत्न करावा, असे तो सांगतो. त्यापुढचा ३५०-ख अल्पसंख्याक भाषांसाठी विशेष अधिकारी नेमण्याविषयी आहे. ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे ज्या राज्य पुनर्रचनेने आपल्याला मध्य प्रदेशात ठेवले, तिच्याबरोबरच. राज्यांच्या सीमा आखताना काही माणसे आपल्या भाषेच्या राज्याबाहेर राहणार, हे घटनादुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक होते. आपण ती माणसे. पण सरकारी नोकरीतल्या अनुभवाने एक सांगतो: कलम कितीही चांगले असो, फाईलवर पहिला प्रश्न ‘संख्या किती?’ हाच असतो. संख्या नसेल तर मराठीच्या शिक्षकाची मागणी, ग्रंथालयाचे अनुदान, आकाशवाणीवरचा कार्यक्रम, काहीच पुढे सरकत नाही. आणि ही संख्या आपल्याशिवाय दुसरे कोणी भरून देऊ शकत नाही.

आपण काय करावे

पुढची जनगणना २०२७ ची. तिचा संदर्भ दिनांक आपल्याकडे १ मार्च २०२७ हा आहे. या वेळी काम मोबाईलवर होणार असून घरच्या घरी स्वतः माहिती भरण्याची सोयही जाहीर झाली आहे. तेव्हा घरातल्या सर्वांनी आधीच बसून बोलून घ्यावे. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याने मराठीच लिहावे. ज्या घरात सून हिंदी घरातून आली आहे, तिची मातृभाषा हिंदीच लिहावी, कारण तेच खरे आहे. आम्हाला आकडा फुगवायचा नाही. खरा आकडा हवा आहे, कमी निघाला तरी.

दुसरे काम आपल्या मंडळाचे. सरकार लष्करची हद्द आखणार नाही आणि आखण्याची गरजही नाही. पण अमेरिकेतल्या बिनपालिकेच्या गावांकडून एक धडा घेता येईल: नावाने ओळखली जाणारी जागा मोजायला पालिका लागत नाही, माणसे लागतात. आपण आपला एक नजरी नक्शा काढू. प्रत्येक गोट, प्रत्येक बाजार, प्रत्येक गंज. तिथे कोणत्या मराठी घराचा वाडा होता, आज आहे का, घराणे मूळ कोणत्या गावचे, ग्वाल्हेरला कोणत्या पिढीत आले, आज त्यांची माणसे कुठे आहेत. जुने खरेदीखत, सनद, मोडी कागद असेल तर त्याचा फोटो. जे पुण्याला, भोपाळला किंवा आयसेलिनला गेले, त्यांचेही नाव त्यांच्या जुन्या मोहल्ल्यापुढे लिहायचे. ब्रॉटनने पाहिलेल्या छावणीची रीत तीच होती: जमीन बदलली तरी शेजार तोच.

या गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आरतीला, कार्यक्रमांना, महाप्रसादाला आपण सारे एकत्र येतो. वर्षातून एवढे मराठी लष्कर एका ठिकाणी पुन्हा दिसत नाही. मंडपाच्या प्रवेशाशी एक वही ठेवण्याची विनंती आम्ही कार्यकारिणीला केली आहे. नाव, मोहल्ला, मूळ गाव, फोन आणि घरात मराठी बोलणारी माणसे किती, एवढेच पाच रकाने. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणावे, कारण वाड्यांची आणि माणसांची जुनी नावे त्यांनाच आठवतात. वही आम्ही स्वतः नीट उतरवून मोहल्लावार लावू आणि तिचा गोषवारा पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत देऊ.

गणपती बाप्पा मोरया!